शेवटच्या गाडीची घाई

आमच्या गल्लीत त्यांना सगळे सावकाशराव म्हणतात. खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोला ठाऊक असेल, पण ती बापडी नुसतं 'अहो' म्हणते. पेशाने ड्रायव्हर. एका संस्थेची शववाहिका चालवतात. लोक तिला 'शेवटची गाडी' म्हणतात, आणि ती आजवर कुणाची चुकलेली नाही.

सावकाशरावांचा स्वभाव ह्या नोकरीच्या मापानेच बेतलेला. समोर ठेवलेला चहा ते निवेपर्यंत नुसता बघत बसतात. लग्नाच्या वेळी 'मुलगी पसंत आहे का?' ह्या प्रश्नावर त्यांनी इतका विचार केला, की मुलीकडच्यांनी कंटाळून होकार धरून टाकला. "उत्तर अजून आलेलं नाही," असं बायको आजही शिवणयंत्रावरची नजर न हलवता सांगते.

अशा माणसाच्या नशिबी नेमकी घाईखोर गाडी आली. गाडी जुनी, पेट्रोलवरची. गार इंजिन सुरू केलं की पहिल्यांदा जरा जोरात चालतं, ते ठीकच. माणूसही झोपेतून उठल्यावर घसा खाकरतो. ही मात्र खाकरत नसे, बोंब ठोकत असे. किल्ली फिरवली की एकदम घर्रर्र! पायाखालच्या पेडलला कुणी पायही लावलेला नसताना. थोडी गरम झाली की आपोआप शांत, जणू काही झालंच नाही.

हे भाजीच्या टेम्पोला खपून गेलं असतं. पण शेवटची गाडी दारात तासन्तास उभी असते. लांबची माणसं यायची असतात, तोवर इंजिन पार गार होतं. मग सगळे हात जोडतात, मागचं दार हलकेच लावलं जातं, एखादा हुंदका तेवढा ऐकू येतो, आणि मग घर्रर्र! 'आटपा लवकर, मला पुढे जायचंय!' एका घरचा मुलगा तर थेट संस्थेत गेला. म्हणाला, "आमच्या वडिलांना आयुष्यभर कुणी घाई केली नव्हती. आईनेसुद्धा नाही."

संस्थेच्या चिटणीसांनी सावकाशरावांना बोलावून घेतलं. "आणखी एक तक्रार आली, तर गाडी भंगारात आणि तुम्ही अँब्युलन्सवर."

त्या दिवशी सावकाशराव जेवले नाहीत. "अगं, अँब्युलन्समधला माणूस घाईत असतो," ते बायकोला म्हणाले. "मला नाही जमायचं."

"तुम्ही चालवलीत तर तो वाटेतच गाडी बदलेल," बायको म्हणाली, आणि ताट पुन्हा पुढे सरकवलं.

गॅरेजवाला ओळखीचा होता. गाडी त्याच्याकडे नेली, तर ती गरम होऊनच पोहोचली आणि गरीब गाईसारखी चालू लागली. डॉक्टरांच्या दारात गेलं की दाढ ठणकायची थांबते ना, तसं. पुन्हा नेली, पुन्हा तेच.

"मला गार इंजिन पाहिजे," गॅरेजवाला म्हणाला. "रात्रभर उभी राहिलेली. सकाळची पहिली किल्ली माझ्यासमोर फिरली पाहिजे."

"मग ठेव इथेच."

"माझ्या दारात? रात्रभर? अहो, आधीच लोक म्हणतात की माझ्या हातून गाड्या मरतात!"

"तर मग आमच्या शेडवर ये सकाळी."

शेड स्मशानाच्या भिंतीला लागून होती. गॅरेजवाल्याने कानाला हात लावला. "तिथे एकदाच यायचं, तेही दुसऱ्यांनी आणल्यावर."

हे सगळं ऐकल्यावर बायको म्हणाली, "मग आणा आपल्याच दारात. माझी काही हरकत नाही. आपण जिवंत आहोत हे आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे."

गल्लीला मात्र ते माहीत नव्हतं. संध्याकाळी गाडी दारात लागली आणि शेजारच्या काकू पदर डोळ्यांना लावूनच आल्या. "कसं हो झालं? सकाळी तर पाणी भरताना दिसले होते!" आतून सावकाशराव स्वतःच बाहेर आले, तेव्हा काकू थोड्या नाराज झाल्या. समोरच्या माडीवरच्या आजोबांनी गाडी बघितली आणि कठड्यावरून ओरडले, "मी बरा आहे हो! सांगा त्यांना!" जो येईल त्याला सावकाशराव एकच सांगत होते, "कुणी गेलं नाही. इंजिन गार व्हायला ठेवलंय." ऐकणारा मान हलवायचा. दुःखात माणूस काहीही बोलतो.

सकाळी नवाच घोळ. शेजाऱ्याची स्कूटर मागे अडकलेली. "जरा पुढे घ्या की गाडी."

"किल्ली लावायची नाही," सावकाशराव म्हणाले.

मग गल्लीतले बापये जमले आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली, हळूहळू, माना खाली घालून. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने हातातला वस्तरा खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. गिऱ्हाईकही उठलं, अर्ध्या गालाला फेस घेऊन.

तेवढ्यात गॅरेजवाला पोहोचला. त्याने लांबूनच आधी सावकाशरावांना नीट न्याहाळलं, खात्री झाल्यावर जवळ आला. "फिरवा."

घर्रर्र! माडीवरच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली. गॅरेजवाल्याचा चेहरा मात्र उजळला. त्याने बॉनेट उघडलं, नळीचा एक तुकडा कानाला लावला आणि त्याचं दुसरं टोक इंजिनावर इकडेतिकडे फिरवलं. एका जागी थांबला. तिथे, इंजिनात हवा नेणाऱ्या जाड रबरी नळीवर, त्याने बोट दाबलं. आवाज बसला. बोट उचललं, आवाज चढला.

"क्लिपच्या कडेला चीर आहे. गारठ्याने रबर आकसतं, चीर उघडते, आणि इंजिन जास्तीची हवा ओढून भडकतं. गरम झालं की रबर फुगून चीर मिटते. तुम्ही माझ्याकडे गाडी आणता तोवर चोर साळसूदपणे घरी जाऊन झोपलेला!"

"एवढ्याशा चिरेपायी रात्रभर गल्लीचा जीव टांगणीला," बायको म्हणाली.

नवी नळी बसली. "पण खात्री पुन्हा गार झाल्यावरच," गॅरेजवाला म्हणाला. पुन्हा रात्रभर? काकूंनी सावकाशरावांकडे असं पाहिलं की ते गाडी घेऊन मुकाट्याने शेडवर गेले.

दुसऱ्या रात्रीची वाट बघायला सवडच मिळाली नाही. दुपारीच बोलावणं आलं. संस्थेच्या जुन्या सभासदाचं घर, म्हणजे चिटणीस अंगणात हजर. थोरली मुलगी परगावाहून यायची होती. सगळे थांबले. बॉनेट आधी कोमट झालं, मग गार. सावकाशराव मधूनमधून त्यावर हात ठेवून बघत होते. लोकांना वाटलं, गेलेला माणूस ह्यांच्या फार जवळचा असावा.

मुलगी आली. सगळं झालं. मागचं दार लागलं. अंगणात चिडीचूप. चिटणीस थेट काचेजवळ येऊन उभे राहिले. सावकाशरावांनी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

बराच वेळ कुणीच हललं नाही. शेवटी गेलेल्या माणसाचा भाऊ पुढे आला आणि काचेवर टकटक करून दबक्या आवाजात म्हणाला, "काय हो, सुरू होत नाहीये का?"

"झालीये," सावकाशराव म्हणाले.