खालची बारकी

स्पिरिटचा वास आला की मला घोडपदेवच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. बाबांच्या हृदयाचं पहिलं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. टेबलावर त्यांचं हृदय मिनिटभर बंद पडलं होतं, हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलं होतं. टाके पुसून झाल्यावर त्यांचं मन रमावं म्हणून मी मोबाइलवर अंतराळातल्या दुर्बिणीने टिपलेल्या एका दीर्घिकेचा, म्हणजे दूरच्या आकाशगंगेचा, फोटो उघडून दिला. भोवऱ्यासारखे फिरणारे तांबूस पट्टे आणि मधोमध पांढरा उजेड, एवढंच पडद्यावर मावत होतं. बाहेर गॅलरीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खालची बारकी कुठाय?" मी विचारलं, "कुठली बारकी?" "शेपटीला चिकटलेली. हिच्यासारखीच." मी दोन बोटांनी फोटो लहान केला. खालच्या पट्ट्याच्या टोकाशी खरंच एक छोटी दीर्घिका होती. "बाबा, तुम्ही कुठे पाहिलीत ही?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "परत नको पाठवू रे मला तिकडे. या वेळी सोडणार नाहीत." पुढच्या आठवड्यात दुसरं ऑपरेशन होतं. ते टाळलं असतं तर जिवावर बेतलं असतं, म्हणून संमतीच्या कागदावर मी सही केली. बाबा परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मीही सगळ्यांना तेच सांगतो. पण त्यांनी मला विनवलं होतं, हे आईला मी आजवर सांगू शकलेलो नाही.