आपण म्हणजे ताई

माझे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अडकलेल्या लिफ्टा ताळ्यावर आणून हा माणूस घरी येतो आणि घरखर्च ताळ्यावर आणायला बसतो. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी सभा भरते. भाऊजी, माझी ताई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. घरभाड्यातला तिसरा हिस्सा मी भरते, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. ऐकून घ्यायचं कोणी कबूल केलेलं नाही.

भाऊजी हुकूम सोडत नाहीत, बरं का. ते प्रेमाने "आपण" म्हणतात. "आपण घाऊक बाजारातून सामान स्वतःच आणू या." आपण म्हणजे ताई. "आपण इस्त्री घरीच करू." पुन्हा ताईच. "भांड्यांची बाई कशाला हवी, आपण आहोत की." शब्द इतका मायाळू, की भांडी घासताना सारं घर आपल्या पाठीशी उभं आहे असं ताईला वाटावं. तसं ते उभं असतंही, चहा कधी होतोय ते बघत.

एकाच खर्चाला कात्री लागत नाही. बाहेरच्या खोलीत भाऊजींची काचेची टाकी आहे, तिच्यात नारिंगी मासे. त्यांना दिवा, पंप आणि डबीतलं महागडं खाणं. "मुके जीव ते, त्यांची बाजू कोण मांडणार?" असं म्हणून भाऊजी स्वतःच ती मांडतात आणि स्वतःच मंजूर करतात.

मागच्या महिन्यात ताईची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रूट कॅनल केलं तर दाढ वाचेल, पण उशीर नको. मी सभेत विषय काढला. भाऊजींनी मोठ्या सहानुभूतीने मान हलवली.

"करू या ना. फक्त या महिन्यात आपण जरा कळ काढू."

कळ कोणी काढायची, हे वेगळं सांगायला नकोच.

"भाऊजी, दात कोरून पोट भरत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर दात पुढच्या महिन्यात," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. माझं डोकं असं फिरलं होतं! पण ताईने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

पुढचे काही आठवडे ती एकाच बाजूने जेवली. मग एका शनिवारी संध्याकाळी, कोणाला न सांगता, जाऊन दाढ उपटून आली. उपटायला कमी पैसे पडतात.

रविवारी ती सुजलेल्या गालाने, दाढेच्या जागी कापूस धरून सभेला बसली. भाऊजींनी बेरीज केली आणि त्यांची कळी खुलली.

"बघा, मनावर घेतलं तर आपण किती वाचवतो! आता पंप बदलून टाकू."

ताईने तोंडातला कापूस काढून बशीत ठेवला. तो लाल झाला होता.

"आपण नाही," ती म्हणाली. "दाढ माझी होती."

भाची बापाकडे बघत होती आणि बाप बशीकडे. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "फार दुखत होतं का गं?"

"एवढं विचारायला पैसे लागत नव्हते," ताई म्हणाली आणि दुसरा कापूस आणायला उठली.