पडद्यावर न उमटलेलं विमान शोधायला पोलादपूरच्या डोंगरात

महाडला जाते म्हटल्यावर आईने विचारलं, "रायगड बघायला का?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर तिने डोक्याला हात लावला असता.

मी विमान चालवायला शिकवते. मागच्या महिन्यात पोलादपूरच्या डोंगरांवर एक पांढरं विमान आमच्या खालून आडवं गेलं, इतक्या जवळून की त्याच्या पंखावरचा तेलकट डाग मला दिसला. विद्यार्थ्याची नजर काट्यांवर होती, त्याने काहीच पाहिलं नाही. आमच्यासमोर एक पडदा असतो, त्यावर आसपासची विमानं ठिपके होऊन उमटतात. पण कधी? आपल्या यंत्राने हाक मारली आणि समोरच्याच्या यंत्राने ओ दिली तरच. पडदा कोरा होता. चौकशीत रडारवरही काही सापडलं नाही, आणि शेवटी शेरा आला की वैमानिकाला भास झाला असावा. मला भास होत असतील तर कुणाच्या लेकराला घेऊन मी वर जाता कामा नये. म्हणून ठरवलं, डोंगरातल्या माणसांना विचारायचं आणि मग काय तो निकाल लावायचा.

पुण्याहून वरंध घाटातून एसटीने महाड. घाट चालू आहे का ते आधी विचारून घ्या, पावसाळ्यात तो बहुधा बंदच असतो. चवदार तळ्याच्या पायरीवर टेकले होते, तेवढ्यात पाण्यात खालून काहीतरी आडवं सरकलं आणि मी दचकून मागे झाले. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "घार आहे हो, वरती बघा." मी कसनुसं हसले.

मुक्काम पोलादपूरला केला. लॉज स्टँडजवळच आहे, पण चादर आपली न्या. सकाळी मिसळ खाऊन रिक्षाने पायथ्याशी गेले आणि तिथून चढून वरच्या वाडीत पोचले. रिक्षावाल्याला परतीचं आधीच सांगून ठेवा, खाली दुसरं काही मिळत नाही.

वाडीत म्हशी राखणाऱ्या सगुणाबाईंनी नाचणीची भाकरी आणि दही पुढे ठेवलं. विमान गेलं त्या दिवशी त्या रानातच होत्या.

"इमान गेला ना, आयकला मी," त्या म्हणाल्या. "पण आवाज एकच व्हता गो बाय. दुसरा काय नाय."

हातातला घास मी ताटात ठेवला. एकच आवाज, म्हणजे आमचाच. संपलंच सगळं.

सगुणाबाई मला उतारापर्यंत सोडायला निघाल्या. धुकं इतकं दाटलं की स्वतःचे पाय दिसेनात. वाट अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वळणावर थांबून त्यांनी लांब हाळी दिली. उत्तर आलं नाही. वाट मोकळी समजून मी पाऊल टाकलं, तर त्यांनी दंड धरून मला मागे खेचलं.

"बस खाली."

"अहो, पण ओ कुठे आली? कुणी नाहीये."

"ओ आली का चालायचा, समोरचा थांबतो. ओ नाय आली तर बसायचा. भिवा असला तर? त्याला आयकू येत नाय, बोलता येत नाय."

कड्याला पाठ लावून बसलो. काहीच हालेना, मला तर हसू यायला लागलं होतं. मग धुकं एका जागी काळं झालं आणि म्हशीचं ओलं नाक माझ्या गुडघ्याला घासून गेलं. मागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. एकीच्याही गळ्यात घंटा नव्हती. सगळ्यात मागून एक म्हातारा आला, मान वर करून, धुक्यातून आभाळ शोधत.

सगुणाबाईंनी त्याला हातांनी विमान करून दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं. भिवाने काठी काखेत धरली. एक तळवा वर, दुसरा त्याच्या खाली आडवा, मधे बोटभर फट. खालचा तळवा सरकन निघून गेला. मी रडायलाच लागले. मला भास झाला नव्हता.

पण त्याचा हात थांबेना. वरचा तळवा त्याने खाली सोडला होता आणि दुसरा एकटाच पुन्हापुन्हा आडवा जात होता.

"काय म्हणतात ते?"

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. "म्हनतो, ता खालचा अजून येतो. आमाला तर कधी आवाज आला नाय."

घरी आल्यावर आईने विचारलं, "झाला रायगड?" मी म्हटलं, धुकं होतं, काही दिसलं नाही.

मी पुन्हा शिकवायला लागले. परवा त्याच डोंगरांजवळ पोचलो तेव्हा हवा स्वच्छ होती, खाली एक ढग तेवढा पसरलेला. पडदा कोरा. मी रेडिओवर आमची जागा सांगितली. कुणीच उत्तर दिलं नाही.

"कुणी नाहीये, मॅडम," विद्यार्थिनी म्हणाली. "पुढे घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "वळव. थांबू जरा."

आणि त्या ढगावर नजर ठेवून आम्ही घिरट्या घालत राहिलो.