भावजींची अटॅच रूम

आमच्या घराच्या पश्चिम अंगाला माझ्या धाकट्या दिराने बांधलेली एक खोली आहे. खोली म्हणायचं नाही, रूम म्हणायचं. अटॅच. बांधली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं आणि सासूबाईंनी प्रत्येकाला पाय धुवायला लावून मग आत घेतलं होतं. वर पीओपीचं छत, त्यात निळे दिवे. एका भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचा कागद चिकटवलेला. बाथरूमला काचेचं दार आणि पांढराशुभ्र कमोड. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना माणसाने झोपताना बर्फ कशाला बघायचा, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी घरातली मोठी सून, आणि मोठ्या सुनेने अशा वेळी चहा करायचा असतो.

भावजी बोरिवलीला राहतात. पहिली दोन वर्षं गणपतीला आणि होळीला ते सहकुटुंब येऊन रूममध्ये झोपले. मग जाऊबाईंना इथले डास चावू लागले. आम्हाला चावतात ते वेगळे असावेत. त्यानंतर सकाळी येऊन संध्याकाळी परत, असं सुरू झालं, आणि रूमला कुलूप लागलं. त्याआधी भावजींनी खिडक्यांच्या फटी सिलिकॉनने बुजवून टाकल्या होत्या, एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकावर प्लॅस्टिक लावून चिकटपट्टी मारली होती, पाली येऊ नयेत म्हणून. पावसाळ्याआधी आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात, म्हणजे झडीचा मार भिंतीवर बसत नाही. रूमच्या भिंतीला ती बांधायची नाहीत असा हुकूम होता. फोटोत वाईट दिसतात. तेव्हा दर पावसाळ्यात ती भिंत घटाघटा पाणी पीत राहिली, आणि आत काय चाललंय ते कोणी बघितलं नाही. चावी सासूबाईंकडे होती. "आई, कोणाला उघडून देऊ नकोस, खराब करतील," असं भावजी सांगून गेले होते. कोणाला म्हणजे आम्हालाच. या घरात दुसरं राहतंय कोण?

मग वास यायला लागला. आधी नुसता कुबट, पुढे त्यात काहीतरी कुजल्यासारखं मिसळलं. आता आम्ही पडलो बोईसरच्या केमिकल कंपन्यांच्या शेजारची माणसं. दुसऱ्या गावात वास आला की लोक कुठे उंदीर मेलाय का बघतात, गटार तुंबलंय का बघतात. आम्ही वारा बघतो. कसलाही वास आला की आमचा निकाल तयार असतो, कंपनीने सोडला. माझा नवरा रोज संध्याकाळी पडवीत उभा राहून नाक वर करायचा आणि सांगायचा, "आज जास्त सोडलाय." कंपन्या पूर्वेला आणि वारा तर समुद्रावरून येतोय, मग वास आला कुठून, असं मी एकदा विचारलं. "फिरून येतो," नवरा म्हणाला. वाऱ्याच्या बाबतीत त्याला उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नाही.

त्याने शेजारपाजारचे गोळा करून तक्रार केली. चौकशीला प्रदूषण मंडळाचे एक साहेब आले, पडवीत बसून चहा प्यायले, नाकाला रुमाल लावला, गंभीर मान हलवली आणि गेले. ज्या खुर्चीवर ते बसले होते तिच्या पाठीला रूमचं दार होतं. कंपन्यांच्या नावाने बोटं मोडायला आम्हाला कारणं कमी नाहीत, पण त्या दिवशीचा साहेबांचा रुमाल आठवला की मला अजून हसू येतं.

सासूबाईंचे गुडघे तोवर कामातून गेले होते. त्या जायच्या वाडीतल्या संडासात. विहिरीच्या पलीकडे, माडांखाली, उकिडवं बसायचं भांडं. उठताना आधाराला म्हणून त्यांनी दाराच्या चौकटीला सुंभाचा दोर बांधून घेतला होता. सारखं जावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी प्यायच्या नाहीत. मी तांब्या पुढे केला की म्हणायच्या, "नको गो, मगाशी प्यायले." मगाशी म्हणजे सकाळी.

पावसाळा सरता सरता तिथल्या फरशीला शेवाळ धरलं होतं. दोर हातातून सुटला, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. बोईसरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी त्यांच्या अंगावरचं सगळं काढून नर्सने माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात पाटल्या होत्या, आणि पोलक्याला लावायची मोठी सेफ्टी पिन. पिनेत रूमची चावी.

मी दवाखान्यातल्या बाकावर किती वेळ ती चावी बघत बसले कोण जाणे. ही बाई दोर धरून, दात आवळून, वाडीत उठत-बसत होती, आणि वीस पावलांवरच्या कमोडची चावी छातीशी पिनेत अडकवलेली होती. मुलाने कोणाला उघडून देऊ नकोस म्हटलं, तर हिने स्वतःलाही उघडून दिलं नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भावजींपेक्षा तिचा जास्त आला.

डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता उकिडवं बसणं बंद, कायमचं. आणि गुरुवारी घरी न्या. नवऱ्याने खाली भांडं असलेली खुर्ची आणली. सासूबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. "माझं दुसऱ्यानं उचललेलं मला चालणार नाय," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून दवाखान्यातही पाणी तोडलं. सलाईन चालू होतं म्हणून निभावलं.

नवऱ्याने भावाला फोन लावला आणि नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिला. भावजींकडे तोडगा तयारच होता. विरारच्या पुढे म्हाताऱ्यांसाठी एक सेंटर आहे. "चोवीस तास बाई असते, वहिनी. आणि सगळं अटॅच."

"अटॅच तर आपल्या घरीपण आहे, भावजी," मी म्हटलं.

 मग ते म्हणाले, "ती रूम बंद आहे हो कधीची. राहण्यासारखी नसेल ती." म्हणजे ठाऊक होतं.

"आणि मी करून घेतली तर?"

"बघा. गुरुवारपर्यंत होत असेल तर बघा. मी सेंटरवाल्यांना सांगून ठेवलंय."

हे बोलणं सासूबाईंनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. पण मी कॉटजवळ गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "मला तिथं ठेवणार काय गो?" मी म्हटलं, "नाही. तुमच्या रूममध्ये ठेवणार." तर त्या बाईने त्या अवस्थेत काय विचारावं? "त्याला इचारलंस?"

दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली, तोंडाला ओढणी बांधली आणि कुलूप उघडलं. दार फुगलं होतं. नवऱ्याने खांदा लावला तेव्हा ते हललं, आणि आतून जे बाहेर आलं त्याने आम्ही दोघं अंगणापर्यंत मागे आलो. नवरा नाक धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "हा तर कंपनीचा वास."

"हो," मी म्हटलं, "आपलीच कंपनी."

आतलं वैभव काय सांगावं. बर्फाचे डोंगर भिंतीवरून सुटून पलंगावर लोळत होते आणि त्यांच्यामागची भिंत हिरवी-काळी होऊन घामेजली होती. पीओपीला पोट आलं होतं. एसीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, या रूममध्ये राहिलेली तेवढीच. गादीवरचं दुकानातलं प्लॅस्टिक कोणी काढलंच नव्हतं, गादी मळू नये म्हणून. प्लॅस्टिकच्या आत ती न मळता कुजली होती. कपाटाचं दार उघडलं तर ते माझ्या हातात आलं. आत जाऊबाईंचा एक टॉवेल घडी करून ठेवलेला होता, त्याला मिशा फुटल्या होत्या.

बाथरूममध्ये गेल्यावर सगळा उलगडा झाला. कमोडमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. भांड्याच्या वाकड्या गळ्यात जे पाणी साठून असतं तेच जमिनीखालच्या मैल्याच्या टाकीतल्या घाणीला वर यायला अडवतं. ते कधीच आटून गेलं होतं. तेव्हा वर्षानुवर्षं त्या टाकीतला वास निवांतपणे कमोडमधून वर येत होता, रूमभर फिरत होता आणि दाराच्या फटीतून आमच्या पडवीत उतरत होता. आणि आम्ही पूर्वेकडे तोंड करून शिव्या देत होतो.

मी पहिली बादली ओतली ती त्या भांड्यात. मग बाकीचं सुरू केलं. चिकटपट्ट्या फाडल्या, पंख्याचं भोक मोकळं केलं, सिलिकॉन कोयत्याच्या टोकाने खरवडून खिडक्या उघडल्या. गादी, कपाट आणि डोंगर अंगणात. पीओपी नवऱ्याने बांबूने पाडलं. त्यातून पालींची अंडी, उंदरांच्या लेंड्या आणि निळे दिवे खाली आले. दिवे जपून ठेवू का, असं त्याने विचारलं. मी ते घमेल्यात भरून अंगणातल्या गादीवर ओतले.

भिंत नारळाच्या सोडणाने घासली. बाजारातल्या घासण्या त्या बुरशीपुढे लगेच हात टेकतात. सोडण टेकत नाही. ब्लीचिंग पावडरचं पाणी, वर पुन्हा सोडण, मग दिवसभर दारं-खिडक्या सताड उघड्या. कमोडवरचा पिवळा थर जायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी तिथे ॲसिड घातलं आणि गुडघ्यांवर बसून त्याला असं काही घासलं की माझ्या तोंडून काय काय निघत होतं ते मलाच आठवत नाही. नवरा दारातून म्हणाला, "अगो, कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, भावजींशी. नळांवर खाऱ्या पाण्याचे पांढरे थर चढले होते, शॉवर तर आतून दगड झाला होता. तो काढूनच टाकला. काचेचं दारही काढलं, वॉकर आत जावा म्हणून, आणि तिथे रुंद लाकडी दार बसवलं. भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला. शेवटी दोन हात चुना, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, कोपऱ्यांत कोळशाची टोपली. आणि पाऊस सरत आला होता तरी बाहेरच्या भिंतीला झापं, अगदी रस्त्यावरून दिसतील अशी.

त्या संध्याकाळी नवरा सवयीने पडवीत जाऊन उभा राहिला. नाक वर केलं. डावीकडे वळून बघितलं, उजवीकडे वळून बघितलं. वास नव्हता. चुन्याचा होता थोडा, आणि समुद्राचा. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "आज सुट्टी असंल कंपनीला." ज्याने स्वतःच्या हाताने ते दार ढकललं होतं तो हे म्हणत होता. मी आत जाऊन भात टाकला.

गुरुवारी सासूबाई आल्या. वॉकर धरून दारात थांबल्या आणि सगळीकडे नजर फिरवली. बर्फ नाही, निळे दिवे नाहीत, पांढरी भिंत आणि त्यांचाच जुना लाकडी पलंग. "त्याचं सगळं काढलंस," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कुजलं होतं. त्या आत गेल्या, दांडा धरला, दार लोटून घेतलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळाने फ्लशचा आवाज आला. बाहेर येऊन पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे." तांब्याभर पाणी त्या थांबत थांबत प्यायल्या आणि रिकामा तांब्या परत पुढे केला. मला रडू आलं, आणि रडताना मला राग येतो, म्हणून मी पडदे धुवायला निघून गेले.

रविवारी भावजी आले. आधी बाहेरून झापं बघितली, मग आत येऊन भिंत बघितली. "वॉलपेपर इम्पोर्टेड होता, वहिनी." मी म्हटलं, असेल. सासूबाई बाथरूममध्ये होत्या. भावजी बोरिवलीहून दोन तास गाडी चालवत आले होते, वाटेत कुठेच थांबले नव्हते. घड्याळ बघत, पाय बदलत थोडा वेळ काढला, मग त्यांनी दारावर टकटक केली. "आई, वेळ लागेल का? मला जायचंय."

 भावजींनी पुन्हा टकटक केली. "आई?"

"वाडीतला मोकळा हाय, बाबा," सासूबाई आतून म्हणाल्या. "तिथं जा. दोर धरून बस. घसरतं तिथं."