दवाखान्याचं कुलूप छापलं तेव्हा

अंकांचे गठ्ठे एसटीत चढले होते, आणि आमचा खिळे जुळवणारा कंपोझिटर शांताराम मला म्हणाला, “साहेब, ह्यात सिस्टरची नोकरी जाईल, बगा.”

सत्तरच्या दशकात मी कर्जतहून एक साप्ताहिक काढायचो. पहिल्या पानावर माझं स्फुट असे. स्फुट म्हणजे ताज्या घटनेवर स्वतःच्या अनुभवातून लिहिलेला छोटा लेख. त्या आठवड्यात पोशीरच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यातल्या मालतीबाई सिस्टरवर लिहिलं होतं. पलीकडच्या वाडीवर एक बाई अडली होती. मालतीबाई दवाखान्याला कुलूप लावून ओढ्यातून चालत गेल्या. आई आणि मूल, दोघंही वाचली.

“अरे, कौतुक केलंय मी.”

“आमाला कौतुक. वरच्या साहेबाला कुलूपच दिसंल. परवानगी नाय घेतली त्यांनी.”

लिहिताना ते कुलूप मला फार आवडलं होतं.

स्टँडवर धावलो. नेरळचा गठ्ठा परत मिळाला, खोपोलीचा निघून गेला होता. आणि सिस्टरचे वरचे साहेब, म्हणजे तालुक्याचे डॉक्टरसाहेब, त्यांचा अंक सकाळी मीच त्यांच्या टेबलावर ठेवून आलो होतो.

दुपारी पोशीरजवळचा तो दवाखाना गाठला. मालतीबाईंनी उभ्यानंच सगळं वाचलं.

“विचारायचं तरी मला. ही हकीकत ऐकलीत त्या दिवशी माझ्याकडे चहा घेतलात ना?” मग हळूच म्हणाल्या, “रजिस्टरमध्ये मी त्या बाळंतपणाच्या दिवशी लिहिलंय, दिवसभर दवाखान्यात हजर.”

मी लगेच एक मार्ग सुचवला.

“पुढच्या अंकात खुलासा देतो. कुलूप नव्हतंच, माझी चूक झाली, असा.”

“म्हणजे आता तुम्हीपण खोटं लिहिणार?”

दुसऱ्या दिवशी नोटीस यायच्या आत त्या स्वतःच रजिस्टर घेऊन कर्जतला गेल्या. मी सोबत होतो, पण डॉक्टरसाहेबांनी मला बाहेरच बसवलं. अर्धा तास बाकावर. आतून आवाज येत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

त्या बाहेर आल्या. नोकरी राहिली होती. खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती सर्व्हिस बुकात कायमची लागली. त्यामुळे त्यांचं प्रमोशन दोन वर्षं मागे पडलं. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत, पण पुन्हा कधी चहाही विचारला नाही.

कुणावर टीका करायची असली की आम्ही मजकूर दहा वेळा तपासत असू. कौतुकाचा मजकूर कुणी तपासत नसे. त्यानंतर मी कौतुकाच्या मजकुराचं प्रूफ छापण्याआधी त्या माणसाला दाखवू लागलो. निम्मे जण म्हणत, नका छापू.