अर्ध्या मोहरीएवढी चोरी

आमच्या प्रयोगशाळेत कोणीही नवीन माणूस आला की ताई आधी त्याच्या डोक्याकडे बघायच्या. मग हात पुढे करून म्हणायच्या, "एक दीजिए." माणूस गोंधळायचा, तोवर त्याचा एक केस ताईंच्या चिमटीत आलेला असे. तो पांढऱ्या कागदावर ठेवून त्या शेजारी एक तांबूस, तारेसारखी काचेची नळी ठेवत आणि सांगत की या नळीत असे चार केस जेमतेम मावतील, आमचं सगळं काम तेवढ्या जागेत चालतं. एकदा पूर्ण टक्कल पडलेले एक तपासनीस आले. ताईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या मिशीकडे बघितलं.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. वागणं शाळेतल्या खोडकर मुलीचं आणि काम घड्याळजीचं. सगळी प्रयोगशाळा त्यांना दीदी म्हणायची. मी जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्यातली मराठी, म्हणून माझ्यापुरत्या त्या ताई. माझं मराठी त्यांना कच्चं वाटे. "घरी हिंदीच बोलून राहिली ना?" असं विचारून त्या माझं वाक्य दुरुस्त करायच्या आणि त्यात 'का'ऐवजी आपलं नागपुरी 'काहून' घालून ठेवायच्या.

आमचं मुख्य काम भाजीपाल्यातली कीटकनाशकं शोधायचं. हिवाळ्यात जवळच्या सिहोऱ्याकडून मटारची पोती यायची. मटारचा अर्क बारीक पावडर भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, दाबाने पाठवायचा. त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि संगणकावरच्या आलेखात त्याचं टोक उमटतं. मोठ्या यंत्राला यासाठी दिवसाला अर्धा लिटर द्रावक लागे. ताईंनी कोपऱ्यात जुळवलेल्या केसासारख्या बारीक नळीच्या यंत्राला चमचाभर पुरे. नमुनाही थेंबाचा अंश. "थोडंच पुरतं," हे त्यांचं उठताबसताचं वाक्य होतं. उरलेले मटार मात्र थोडे पुरत नसत. रिपोर्ट निर्दोष आला की त्या पिशवी टेबलावर ओतून सगळ्यांना सोलायला बसवायच्या.

आमच्या संचालकांना, म्हणजे साहेबांना, ते यंत्र पटत नसे. त्याला ते 'खिलौना' म्हणत. ताईंचे वाढीव सामानाचे अर्ज त्यांच्या टेबलावर आडवे पडून असत.

साहेबांचे गुडघे दुखायचे. एका पावसाळ्यानंतर ते अचानक जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागले. कुठल्याशा गावच्या वैद्याने तपकिरी चूर्ण दिलं होतं, शुद्ध जडीबुटी. डबी टेबलावर असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते तिचे गुण सांगत. महिन्याभरात त्यांचे गाल चांगले भरले. तब्येत सुधारली, असं सगळे म्हणाले.

ताई म्हणाल्या नाहीत. दुपारी डबा खाताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "माझ्या दादाचे गाल असेच झाले होते." दादांना दमा होता. कुणीतरी दिलेल्या गोळ्यांनी ते बरे दिसू लागले. मग कंटाळून एक दिवस त्यांनी गोळ्या एकदम सोडल्या आणि चौथ्या दिवशी ते उठलेच नाहीत. गोळ्यांत स्टेरॉइड होतं, हे घरच्यांना नंतर कळलं. सांगून झाल्यावर ताईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "चूर्ण मागितलं तर साहेब देणार नाहीत. तू रजेचा अर्ज घेऊन चल."

मी साहेबांपुढे उभी राहून एका काल्पनिक मावसबहिणीच्या लग्नाबद्दल बोलत होते. ताई फायली सरळ करायला म्हणून टेबलाशी वाकल्या. टाचणीचं टोक ओलं करून त्यांनी डबीत बुडवलं आणि अर्ध्या मोहरीएवढं चूर्ण उचललं. साहेबांना काही कळलं नाही. मला मात्र नको असलेली दोन दिवसांची रजा मंजूर झाली.

रजा मी प्रयोगशाळेतच काढली. ते चूर्ण थेंबभर द्रावकात विरघळवून ताईंनी नळीतून सोडलं. तुलनेसाठी मागवलेल्या शुद्ध स्टेरॉइडचं टोक ज्या मिनिटाला येतं, नेमक्या त्या मिनिटाला टोक आलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तीनदा करून बघितलं. मग चूर्ण आणि शुद्ध स्टेरॉइड एकत्र मिसळून सोडलं. टोक एकच आलं, अधिक उंच; पदार्थ वेगळे असते तर दोन आली असती. मी म्हटलं, सापडलं. त्या म्हणाल्या की हा पक्का संशय आहे, शेवटची खात्री दुसऱ्या यंत्रावर करावी लागेल. पण डॉक्टरकडे जायला एवढं पुरे.

दोघी साहेबांच्या खोलीत गेलो. ताईंनी कागद समोर ठेवला.

"सर, चोरी की है. पहले पढ़ लीजिए, फिर डाँटिए."

साहेब जुने रसायनतज्ज्ञ. आलेख खोटा म्हणणं त्यांना जमेना. किती चूर्ण घेतलं, एवढंच त्यांनी विचारलं. ताईंनी नखावर माप दाखवलं. साहेब लालबुंद झाले. ही शिस्तभंगाची बाब आहे, असं म्हणत त्यांनी डबी उचलली आणि कचऱ्याच्या टोपलीवर धरली.

ताईंनी साहेबांचं मनगट पकडलं. तिथे कोणी कधी साहेबांना हात लावला नव्हता.

"एकदम बंद मत कीजिए. मेरा भाई ऐसे ही गया."

साहेबांनी टोपलीवरून हात मागे घेतला. मग डबी खिशात घालून ते डॉक्टरकडे गेले. रक्तातली साखर भयंकर वाढलेली निघाली. औषध हळूहळू कमी करायला कित्येक महिने लागले. गाल उतरले, गुडघे पुन्हा दुखू लागले आणि साहेब काठी टेकत, कुरकुरत जिना चढू लागले. शिस्तभंगाचं पुढे कोणी बोललं नाही. एका सकाळी ते ताईंच्या कोपऱ्यात आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नळी नीट बघितली. ताईंनी संधी साधून त्यांचा एक केस उपटला.

निवृत्तीनंतर ताई इथलं अधारतालचं घर बंद करून नागपूरला मुलीकडे गेल्या. नातवाला सांभाळायला, असं आम्हाला सांगितलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात ऐन मटारांच्या दिवसांत यंत्राचा दाब पडू लागला. कुठेतरी गळत होतं, पण एवढी बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही. मी फोन केला. त्यांचा आवाज फार लहान झाला होता. त्यांनी खिशात दुकानातल्या यंत्रावर छापलेली गुळगुळीत पावती आहे का विचारलं. ती एकेका सांध्याला लावत जा, म्हणाल्या. द्रावक लागलं की तो कागद काळा पडतो. फोन कानाला धरून मी एकेक सांधा तपासत गेले. तिसऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका उमटला.

"सापडली, ताई."

"मग घट्ट कर. काहून थांबून राहिली?"

सांधा आवळून मी त्यांची तब्येत विचारली. तेव्हा कळलं की नातवाला सांभाळण्यापेक्षा दवाखान्याच्याच वाऱ्या जास्त होत्या.

"माझीही गळती शोधून राहिले डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे असा कागद नाही."

आणि स्वतःच्याच विनोदावर त्या हसल्या, खोकला येईपर्यंत. दाब स्थिर झाला का, हे कळल्याशिवाय त्या फोन ठेवायला तयार नव्हत्या. म्हणून आम्ही दोघी, मी जबलपूरला दाबाच्या काट्याकडे बघत आणि त्या नागपूरला फोन कानाला लावून, काटा स्थिरावायची वाट बघत राहिलो.