हात दिसले पाहिजेत

प्यो जंग-इमला एका जागी बसवत नाही, हे तिच्या लाँड्रीत कपडे टाकणाऱ्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. भाताचा वाडगाही ती हातात धरून, येरझाऱ्या घालत संपवायची.

पण चंगजू शहरातली तिच्या दुकानाची जुनी इमारत आता पाडली जाणार होती आणि जानेवारीत दुकान रिकामं करायचं होतं. मावसभावाने सांगून ठेवलं होतं, ऑक्टोबरात इस्टेट एजंटची परवाना परीक्षा पास हो, माझ्या ऑफिसात तुझी खुर्ची तयार आहे. गेल्या वर्षी ती थोडक्यात राहिली होती. या वर्षी राहिली, तर त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार होतं.

लेक दासोलने मग आईचा अभ्यास अंगावर घेतला. माणूस कशा पद्धतीने शिकतो हे ओळखणारी एक चाचणी तिने फोनवर उघडून दिली. चित्रं आवडतात का, या प्रश्नाला जंग-इमने हो म्हटलं. चित्रं कुणाला आवडत नाहीत? निकाल आला, ही बाई बघून शिकते. लगेच सात रंगांची पेनं आली, तक्त्यांची वही आली, ऑनलाइन तासांचे वर्षभराचे पैसे भरून झाले. जंग-इम पडद्याकडे बघत राही, ओळी रंगवत राही. दुसऱ्या दिवशी तिला हिरवी ओळ होती एवढंच आठवे. त्या ओळीत काय होतं, ते कोरं.

एकटीने होत नाही म्हणून ती पहाटेच्या कॅमेरा-गटात शिरली. सहा ते आठ, नऊ जण आपापल्या घरी, आवाज बंद, कॅमेरा टेबलावर रोखलेला. पडद्यावर नऊ जोड्या हात. हात पाच मिनिटं दिसले नाहीत की एक ताकीद, तीन ताकिदी झाल्या की बाहेर. गटप्रमुख ग्यूहन तिशीतला, चौथ्यांदा परीक्षेला बसलेला, नियमाला पक्का. जंग-इमला दर वीस मिनिटांनी पाय मोकळे करावेसे वाटत. जूनपर्यंत तिच्या दोन ताकिदी झाल्या होत्या.

एका सकाळी बसवेचना. तिने लॅपटॉप उचलला, दुकानात नेला, कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर रोखला, कानात तास लावला आणि शर्टांचा गठ्ठा ओढला. कॉलर, खांदा, बाही. शिक्षक भाडेकरूच्या हक्काबद्दल बोलत होते आणि ती इस्त्री फिरवत तेच पुटपुटत होती. थोड्या वेळाने ग्यूहनने आवाज सुरू केला.

"काकू, हे काय चाललंय?"

"हात दिसताहेत की रे."

"अहो, हा अभ्यासाचा गट आहे."

"मग विचार काहीतरी."

त्याने विचारलं. भाडेकरू राहायला आला, पत्त्याची नोंदही त्याच दिवशी केली. मग नव्या मालकापुढे त्याचा हक्क कधीपासून टिकतो?

"दुसऱ्या दिवसापासून," ती बाही उलटवत म्हणाली. "आज शर्ट टाकलास तर उद्याच मिळतो ना, तसंच."

कुणीतरी हसलं. पण पडद्यावर सारखी वाफ दिसते, आमचं चित्त उडतं, अशी दोघांनी तक्रार केली. तीही खोटी नव्हती. त्यांना शांतता लागे, तिला हालचाल. ग्यूहनने माफी मागत तिसरी ताकीद दिली आणि ती गटाबाहेर झाली.

दासोल चिडली. "आई, चाचणीत स्पष्ट आलं होतं, तू बघून शिकतेस."

"चाचणीने मला काम करताना कुठे बघितलं होतं?"

त्यानंतर चार महिने सगळा कायदा इस्त्रीच्या टेबलावर झाला. करार कॉलरवर, गहाणखत खांद्यावर, कर बाहीवर. गिऱ्हाइकांना वाटे, बाई शर्टाशी भांडतेय. तिच्या मनात मात्र एकच धाकधूक होती. परीक्षेच्या हॉलमध्ये इस्त्री कुठून आणणार?

आणि तसंच झालं. बाकावर बसली आणि सगळं कोरं. आजूबाजूला पेनांची खरखर, पायाला मुंग्या. पहिले तीन प्रश्न तिने सोडून दिले. मग बाकाखाली मांडीवर तिचा डावा हात आपोआप हलला. कॉलर सपाट केली, खांदा ओढला, बाही उलटवली. बाहीपाशी कर आठवला. पर्यवेक्षिका येऊन तिच्या मांडीकडे वाकून बघून गेली. तिथे काहीच नव्हतं.

संध्याकाळी उत्तरं जाहीर झाली. दासोल फोन घेऊन आईने टिपून आणलेली उत्तरं एकेक ताडून बघत होती आणि जंग-इम एकाच शर्टाला तिसऱ्यांदा इस्त्री करत होती.

"आई, जरा बस ना. मला मोजता येत नाहीये."

"तू मोज. माझे हात थांबले की मला ऐकू येत नाही."

मग दासोलने फोन टेबलावर, त्या शर्टाशेजारी ठेवला. पास व्हायला साठ गुण लागत होते, पासष्ट होते.

जंग-इमने आकडा बघितला. इस्त्री उभी केली, दुकानात एक फेरी मारली, परत आली.

"त्या ऑफिसातली खुर्ची," तिने विचारलं, "चाकांची आहे का गं?"